घोट्यावरचं बोट

हा लेख लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठलो. एकदा पंखा बंद केला, एकदा तो पुन्हा लावला, आणि तिसऱ्यांदा कशासाठी उठलो ते दारापर्यंत गेल्यावर आठवेना. बायको म्हणाली, "संपादकांनी दिवाळीसाठी चार गमतीचे अनुभव मागितलेत, तुमचा जीव नाही मागितला." तिचं बरोबर आहे. पण माझ्या धंद्यात ज्या दिवशी काहीच घडलं नाही तो दिवस चांगला, आणि न घडलेल्या गोष्टींवर लेख कसा लिहायचा? म्हणून घडलेली एकच सांगतो. ती पूर्ण सांगायची मला बरीच वर्षं टाळाटाळ करता आली.

मी भूल देणारा डॉक्टर. आमच्या भागात म्हणायचे 'गुंगीवाले डाक्टर'. पोट कापणाऱ्याचं नाव लोक नातवंडांना सांगतात. ज्यानं झोपवलं आणि पुन्हा उठवलं, त्यालाच दाराबाहेर धरून विचारतात, "डाक्टर कुठं हायेत?" मला याचा राग नाही. थोडा आहे.

लोकांना वाटतं भूल म्हणजे झोप. झोपेत माणूस कूस बदलतो, डास चावला तर हात मारतो. भुलेत यातलं काही नाही. आम्ही माणसाला काठावर नेतो, तिथे तास-दीड तास धरून ठेवतो आणि परत आणतो. मोठ्या माणसाला धरून ठेवणं सोपं. लहान मुलाचा भरवसा नसतो. मुलांचं हृदय भराभर चालतं आणि कुरकूर न करता एकदम मंदावतं. मोठ्यांचं बिघडायच्या आधी दहा खुणा देतं. मुलाचं आत्ता ठकठक करत असतं, आणि तुम्ही घड्याळाकडे पाहून मान वळवेपर्यंत नसतं.

आज टेबलाशेजारी पडदे असतात, त्यावर हिरव्या रेघा धावतात, जरा चुकलं की यंत्र किंचाळतं. मी नोकरीला लागलो तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या केसपेपरांवर अजून 'मुंबई राज्य' छापलेलं असे, आणि ते शाईनं खोडून आम्ही 'महाराष्ट्र' लिहीत असू. घाटाखालचं तालुक्याचं गाव, छोटा दवाखाना. यंत्र म्हणजे माझा कान आणि माझं बोट. स्टेथोस्कोपचा गोल चिकटपट्टीनं मुलाच्या छातीवर चिकटवायचा, लांब रबरी नळी कानात घालायची आणि ऑपरेशन संपेपर्यंत ऐकत बसायचं. कुणी बोललेलं मला खपत नसे. सिस्टर मंजुळाबाई म्हणायच्या, "डॉक्टर कीर्तन ऐकल्यासारखे ऐकतात." कीर्तनात डुलकी लागली तर चालते, एवढाच फरक.

आता उन्हाळ्याचं सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. मी मेहकरचा, म्हणजे घाटावरचा. घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याकडे आलं की वैशाखात हवा भट्टीची होते. आमचं मुख्य औषध इथर, आणि ते अंगाच्या उष्णतेलाही उकळतं. मे महिन्यात बाटलीचं बूच काढलं की अर्धं औषध मुलाला मिळण्याआधी आम्हालाच मिळायचं. म्हणून बाटल्या ओल्या वाळूच्या रांजणात पुरून ठेवायच्या आणि ऑपरेशनं सूर्य वर यायच्या आत उरकायची. सगळ्यांचे डोळे जड झालेले, आणि पेशंट तेवढा टक्क जागा, असे किती दिवस गेले.

इथर देण्याआधी ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन देत. त्यानं तोंडाची लाळ सुकते, आणि दुसरं काम म्हणजे हृदयाला ते मंद होऊ देत नाही. पण त्याचबरोबर घामही बंद करतं. पुस्तकं ज्या देशांत लिहिली गेली तिथे घाम ही काही मोठी गोष्ट नसावी. आमच्याकडे घाम थांबला की मूल तापतं. एका मे महिन्यात रोहिणखेडचा एक मुलगा अंतर्गळासाठी आला. मी पुस्तकाप्रमाणे ॲट्रोपिन दिलं, पुस्तकाप्रमाणे चादरींत गुंडाळलं. अर्ध्या ऑपरेशनात त्याच्या छातीतले ठोके इतके धावायला लागले की मोजता येईनात. अंग तव्यासारखं तापलं, मग झटके आले. मंजुळाबाईंनी स्टँडवरच्या गोळेवाल्याची बर्फाची अख्खी लादी उचलून आणवली. आम्ही त्या मुलाला बर्फात ठेवलं आणि तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यानं गोळा मागितला.

त्या दिवशी मी शहाणा झालो, असं मला वाटलं. ठरवून टाकलं की घाटाखाली, उन्हाळ्यात, मुलांना ॲट्रोपिन नाही. आणि दोन उन्हाळे काही झालं नाही. मला स्वतःचं कौतुकही वाटायला लागलं. पुस्तकवाल्यांना काय माहीत आमचं ऊन! नागपूरच्या एका जुन्या मित्राला मी तसं पत्रही लिहिलं होतं. त्यानं ते फाडून टाकलं असेल अशी आशा आहे.

तिसऱ्या उन्हाळ्यात वेणू आली. वडनेर भोलजीची, सहा-सात वर्षांची. दोन्ही डोळे नाकाकडे वळलेले. तिची आई कौसाबाई, भाजीपाल्याचा मळा करणारी बाई, बांध्यानं उंच, बोलणं तुटक. नवरा मळा सोडून येऊ शकत नव्हता, म्हणून एकटीच आली होती.

"शाळेत मास्तर फळ्याकडं पाहा म्हनते, अन् हे पाहते तर पोट्टे हासतेत," ती म्हणाली. "चकणी म्हनतेत तिले. आता शाळेत जात नाही म्हनते. नीट होईन का?"

होईल, असं आमच्या सर्जनसाहेबांनी सांगितलं. साहेब अकोल्याहून महिन्यातून एकदा डोळ्यांची ऑपरेशनं करायला येत. हात सोन्याचा, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या टेबलाशी बोलायची बंदी होती. मागितलेली कात्री अर्ध्या शब्दात हातात पडली पाहिजे, बाकी शांतता. मला ती शांतता आवडायची, कारण मला ऐकायचं असायचं.

तिरळेपणाचं ऑपरेशन म्हणजे बुबुळाला हात न लावता डोळा फिरवणारा स्नायू आकड्यानं उचलायचा, ओढून घ्यायचा आणि योग्य जागी शिवायचा. आज माझ्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही विचारा, तो झोपेतही सांगेल की तो स्नायू ओढला की काही मुलांचं हृदय मंदावतं, कधी थांबतंही. डोळा आणि हृदय यांना जोडणारी एक वाट शरीरात आहे. मीही ते वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि कानात ऐकलेलं यांत अंतर असतं, आणि त्या वाटेवरचा राखणदार म्हणजे तेच ॲट्रोपिन, जे मी उन्हाच्या धास्तीनं दिलं नव्हतं.

वेणूला इथर दिलं, श्वासनलिकेत नळी घातली, छातीवर गोल चिकटवला. साहेब डोक्याशी बसले, मी बाजूला. ठकठक, ठकठक, भरपूर वेगात. साहेबांनी आकडा घातला आणि ओढला.

ठक. ठक. मग एक लांब जागा. मग एक ठोका. मग काहीच नाही.

मला वाटलं स्टेथोस्कोपची नळी निसटली. चाचपली, जागेवर होती. मान वर केली तर साहेब आकडा तसाच धरून दोऱ्यासाठी हात पुढे करत होते. माझ्या तोंडून निघालं, "सोडा! सोड म्हणतो ना बे!"

शुद्ध भाषा मी नागपूरच्या कॉलेजात शिकलो होतो. ती त्या क्षणी कुठे गेली कुणास ठाऊक. मंजुळाबाईंच्या हातातलं ताट वाजलं. साहेबांनी आकडा सोडला. तरी ठोका येईना. मी इथर बंद केलं, ऑक्सिजन सोडला आणि तळव्यानं तिची छाती दाबू लागलो. किती वेळ, ते माहीत नाही. मोजायचं माझं काम, आणि मी मोजलं नाही. मग कानात एक ठोका आला, कुणी दार लोटावं तसा. मग दुसरा. मग सगळे एकदम घाई करत आले.

साहेबांनी कसाबसा एका डोळ्याचा एक स्नायू शिवला आणि हात आखडता घेतला. हात धुताना मला म्हणाले, "मला आजवर कुणी 'बे' म्हटलं नव्हतं."

मी माफी मागितली. ती का मागितली, हे मला अजून कळलेलं नाही.

"आईला काय सांगायचं?" मी विचारलं.

"मुलगी जिवंत आहे, ते सांगा. आणखी काय असतं सांगण्यासारखं?"

मी बाहेर गेलो. कौसाबाई भिंतीला टेकून उभी होती. मी म्हणालो, "सगळं ठीक आहे. काम अर्धं झालंय. दुसरा डोळा पावसाळ्यानंतर करू." तिनं हात जोडले. मी आत आलो आणि केसपेपरवर 'भुलेत काही अडचण' या रकान्यापुढे 'नाही' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

त्या पावसाळ्यात मी कुणाकडेही नीट पाहू शकत नव्हतो. कुठलंही झोपलेलं मूल दिसलं की त्याच्या कानापुढे बोट ठेवून नाडी पाहायचो. एस.टी.त, लग्नात, शेजाऱ्यांच्या ओसरीवर. लोकांना वाटे डॉक्टर प्रेमळ आहेत. वडनेरहून कुणी पेशंट आला की मी विचारायचो, "भाजीवाल्या कौसाबाईंची मुलगी कशी आहे?" आणि उत्तर येईपर्यंत माझंच मंदावायचं.

दिवाळीनंतर त्या दोघी आल्या. कौसाबाईनं पिशवीभर वांगी आणली होती. वेणूचा एक डोळा सरळ झाला होता, दुसरा अजून आत. मी नवा केसपेपर घेतला, नेहमीच्या सवयीनं प्रश्न विचारत गेलो. खोकला? नाही. दम लागतो? नाही.

"याआधीच्या ऑपरेशनात भुलेचा काही त्रास झाला होता?"

कौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "मले काय इचारता डाक्टर? आत तर तुमीच होते."

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की मी विसरलो. माझी लेखणी त्या रकान्यावर थांबली. पुन्हा एकदा 'नाही' लिहिता आलं असतं. मंजुळाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. मग मी सांगितलं, सगळं. काय थांबलं, कशानं थांबलं, आणि कुठलं इंजेक्शन द्यायचं होतं आणि मी दिलं नव्हतं.

ती उठली, वेणूला खांद्याशी घेतलं आणि बाहेर गेली. मी धरून चाललो की ती गेली. नांदुऱ्याची एस.टी. सुटल्याचा आवाजही आला. पण थोड्या वेळानं ती परत दारात उभी होती. इतका वेळ ती आवारातल्या निंबाखाली बसली होती.

"किती वेळ बंद होतं?"

"मोजलं नाही."

"तवाच काऊन नाही सांगतलं?"

"भ्यालो होतो."

"म्या सहा महिने तिले विहिरीत पवाले सोडलं. जत्रंत पाळन्यात बसवलं. मले माहीत असतं तर जपलं असतं ना तिले."

जपायची गरज नव्हती, हृदय तिचं चांगलंच होतं, हे वैद्यकीय उत्तर माझ्यापाशी होतं. ते मी दिलं नाही.

"आता पुन्हा थांबन का?" तिनं विचारलं.

"या वेळी ते इंजेक्शन देणार आहे. तरी थांबू शकतं. लगेच सोडलं तर चालू होतं."

"अन् सोडा कोन म्हननार?"

"मी."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग मी बी आत येते."

मी नियम सांगितले. जंतू, शांतता, साहेब. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "डाक्टर, मळ्यात पानी देताना मी वाफ्यात हात घालून बसते. वर मोट थांबली तर पाहा लागत नाही, हाताले समजते. मले फक्त हात कुठं ठेवाचा ते दाखवा. मी बोलनार नाही."

साहेबांना मी सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग चिडले. "बाई चक्कर येऊन पडली तर तिला कोण बघणार?"

"ती नाही पडणार. पडलोच तर मी पडेन," मी म्हणालो.

का कोण जाणे, साहेब हो म्हणाले. कदाचित गेल्या वेळचं त्यांच्याही मनात असेल. अट एकच घातली, की पायाशी बसायचं आणि तोंडातून आवाज काढायचा नाही.

घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, पायाची नाडी लागते. शिकाऊ डॉक्टरांना ती लवकर सापडत नाही. मी कौसाबाईला वेणूच्या घोट्यावर ती दाखवायला गेलो, तर माझंच बोट चाचपडत राहिलं. तिनं माझा हात बाजूला केला आणि आपलं बोट ठेवलं. "हे पाहा. हे उडून राह्यलं."

सकाळची वेळ, हवा थंड. ॲट्रोपिन पूर्ण दिलं होतं, आणि आणखी देता यावं म्हणून शिरेत सुई आधीच घालून ठेवली होती. मंजुळाबाईंनी कौसाबाईला अंगरखा घातला, तोंडाला फडकं बांधलं. ती पायाशी स्टुलावर बसली, चादरीखाली हात, डोळे मिटलेले. साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काम सुरू केलं.

आकडा घातला. ओढला. ठकठक, ठकठक, ठक. ठक. मग ती लांब जागा.

"थांबलं," पायाकडून आवाज आला. मोठा नाही, पण स्पष्ट. "सोडा."

ज्या टेबलाशी कुणी शिंकत नसे तिथे साहेबांनी मान न वळवता आकडा सोडला. मी शिरेतून औषध दिलं. कौसाबाईचे डोळे मिटलेलेच होते. 

"आलं," ती म्हणाली. "हळू हाये... आता नीट."

आणि मग साहेब, ज्यांनी माझ्या देखत कधी कुणाला काही विचारलं नव्हतं, त्यांनी विचारलं, "बाई, ओढू का?"

"थांबा जरा." ती ऐकत होती, बोटानं. "हाव. ओढा आता."

या वेळी थांबलं नाही. ऑपरेशन पूर्ण झालं. वेणू शुद्धीवर येऊन रडायला लागली तरी कौसाबाईचं बोट घोट्यावरच होतं. मंजुळाबाईंनी ते हळूच सोडवलं. जाताना तिनं माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाली, "तुमी आइकत होते म्हनून मले धीर होता. तुमाले अन् मले संगंच समजलं ना?"

मी मान हलवली. हो म्हणालो.

जुना केसपेपर काढून मी त्या रकान्यातला 'नाही' खोडला आणि 'होय' लिहिलं. पुढे नोकरी संपेपर्यंत कुठल्याही मुलाच्या आईबापांशी आधी बोलल्याशिवाय मी इथरच्या बाटलीला हात लावला नाही. तरुण डॉक्टर कंटाळायचे. मी त्यांना ही गोष्ट सांगायचो, ते थक्क व्हायचे, कुणी टाळ्याही वाजवायचे. मी ती नेहमी "ओढू का" पर्यंत आणून सोडायचो. तिथे ती चांगली संपते.

पण तिथे ती संपत नाही, आणि म्हणूनच मी सकाळपासून उठबस करतोय. माझ्या कानातली नळी थेट छातीवर होती. छातीतला ठोका घोट्यापर्यंत पोचायला जो अर्धा क्षण लागतो तेवढा मी पुढेच होतो, आणि मंदावत चाललेलं तर मला तिच्या कितीतरी आधी कळलं होतं. 'सोडा' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण गेल्या वेळचा तो 'बे' आठवला, हात धुणारे साहेब आठवले, आणि वाटलं, आणखी एक ठोका पाहू, येईल कदाचित. मी त्या एका ठोक्याची वाट पाहिली. मुलीच्या छातीत शांतता होती आणि मी माझी अब्रू सांभाळत बसलो होतो. तेवढ्यात तिची आई बोलली.

वेणू आता वडनेरलाच शाळेत शिकवते. दोन्ही डोळ्यांनी वर्गाकडे सरळ पाहते, आणि पोरं तिला घाबरून असतात असं ऐकतो. दर दिवाळीला हा अंक तिच्या घरी जातो, आणि कौसाबाईंना आता दिसत नाही म्हणून ती त्यांना वाचून दाखवते. तेव्हा वेणूताई, एवढं जरा मोठ्यानं वाच. कौसाबाई, त्या दिवशी तुमाले अन् मले संगं नव्हतं समजलं. मले आधी समजलं होतं, अन् मी गप्प बसलो होतो.